जुन्या मोटरहोमच्या फर्नेसचा थर्मोस्टॅट बदलला : सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

गाडी २००४ची. सव्वीस सीटची मिनीबस आतून मोकळी करून तिचं घर केलेलं. आम्ही तिसरे मालक. पहिल्या मालकांनी अमेरिकेतून परत येताना तिथल्या मोटरहोममध्ये असते तसली, गाडी आतून गरम ठेवणारी गॅसवरची फर्नेस आणली आणि सिंकखालच्या कप्प्यात बसवून घेतली. गॅस एलपीजी, पंखा आणि कार्ड (फर्नेस चालवणारा सर्किट बोर्ड) १२ व्होल्टवर. भिंतीवर चौकोनी, पिवळा पडलेला थर्मोस्टॅट. पुस्तिका कधीच हरवली. असली फर्नेस हाताळलेला माणूस मला सोलापुरात भेटला नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. कुणाकडे अशी गाडी असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे तरी वाचावेत.

गेल्या मार्चात आई-बाबांना घेऊन हिमाचलात कल्पाला गेलो होतो. पहाटे तीनला फर्नेस बंद पडली. थर्मोस्टॅटवर टिचकी मारली की सुरू व्हायची, दहा मिनिटांनी परत बंद. आईचं वय ७१. तिच्या अंगावर दोन चादरी आणि माझं जाकीट घातलं आणि उजाडेपर्यंत मी त्या डबीपाशी उभा राहून टिचक्या मारत होतो. येत्या मार्चात परत जायचंय. त्याआधी हे काम पुरं झालंच पाहिजे.

३ डिसेंबर

पहिली तपासणी. थर्मोस्टॅटचं झाकण काढलं. मागे फक्त दोन वायरी, दोन्ही पांढऱ्या. हा थर्मोस्टॅट म्हणजे निव्वळ स्विच आहे. फ्यूजकडून १२ व्होल्ट येतात, गार झालं की जोडले जातात आणि पुढे फर्नेसच्या कार्डाकडे जातात. एवढंच.

दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्या. पंखा लगेच सुरू. पंधरा-वीस सेकंदांनी ठिणगीची टिकटिक, मग जाळ धरल्याचा भप्प असा दबका आवाज. पाच मिनिटं चालू ठेवली, एकदाही अडखळली नाही. वायरी सोडवल्या तर जाळ लगेच गेला आणि पंखा अजून दीड मिनिट फिरून थांबला. असंच व्हायला हवं, आतली गरम हवा काढून टाकायला पंखा मागे चालू राहतो.

म्हणजे दोष थर्मोस्टॅटमध्ये. ही तपासणी फुकटात होते आणि पाच मिनिटांत होते. वायरी जोडूनही फर्नेस पेटत नसेल तर थर्मोस्टॅट विकत घेऊ नका, गडबड पुढे आहे. आणि अशी जोडून ठेवून झोपू तर अजिबात नका.

४ डिसेंबर

थर्मोस्टॅट काढून घरात आणला. सोलापुरात गरम हवेचं यंत्र तपासायचं म्हणजे वेगळीच अडचण. दुपारी गाडीत ३१ अंश, आणि थर्मोस्टॅटवरचे आकडे ३२ला संपतात. गार करायचं कसं? शेवटी बर्फाच्या कारखान्यातून साठ रुपयांचा बर्फ आणला, थर्माकोलच्या खोक्यात एका बाजूला ठेवला, दुसऱ्या बाजूला थर्मोस्टॅट आणि झाडाच्या कुंडीत खोचायचा माझा छोटा थर्मामीटर. वायरी खोक्याबाहेर काढून मल्टिमीटरला लावल्या. बर्फाचं पाणी डबीवर जाऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा केला.

काटा २० वर लावून बसलो. द्विधातूची पट्टी (दोन धातू चिकटवलेली, तापमानाप्रमाणे वाकणारी) कशी काम करते ते झाकण काढून इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. गुंडाळलेली पट्टी हळूहळू आवळत जाते, टोकाचा चांदीचा ठिपका समोरच्या ठिपक्याच्या अगदी केसभर जवळ येतो, आणि शेवटी तिथलं चिमुकलं लोहचुंबक त्याला टिक करून ओढून घेतं. नवीन असताना ते एका झटक्यात होत असणार. माझ्या डबीत ठिपका टेकायचा आणि मीटर कधी ३८ ओहम दाखवायचं, कधी ५, कधी ९०. हा आकडा एक-दोन ओहमच्या आसपास हवा. ४० ओहमची अडचण मध्ये असेल तर १२ व्होल्टवर ०.३ अँपिअरच्या वर काही जात नाही, आणि पेटलेली फर्नेस या वायरीतून जवळजवळ एक अँपिअर मागते. टिचकी का लागत होती ते कळलं.

तापमानाचंही तेच. २० वर लावलेला असताना तीनदा तपासला : जोडला गेला १६ला, १४ला, परत १६ला. सुटला २३ला. सात ते नऊ अंशांचा झोल.

ठिपक्यांवर काळपट थर होता, आणि पट्टीच्या वेटोळ्यात आपल्याकडची बारीक तांबूस धूळ घट्ट बसलेली. वीस वर्षांची धूळ.

७ डिसेंबर

चूक पहिली. ठिपके झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासले. लगेच मीटर १ ओहम दाखवायला लागलं, मला बरं वाटलं. दोन दिवसांनी परत ६० ओहम. चांदीचा मुलामा पातळ असतो, पेपरने तो निघून गेला आणि खालचा धातू उघडा पडला. तो आणखी लवकर काळा होतो. ठिपके मिटलेले असताना मधून कोरा, खरखरीत कागद ओढून काढायचा, कागदाला काळं लागायचं थांबलं की बस. एवढंच करायला हवं होतं.

त्याच बैठकीत दुसरी चूक. आत एक लहान पत्र्याचा काटा आहे, त्याखाली ०.१ ते १.२ असे आकडे. मला वाटलं यानेच झोल कमी होईल, म्हणून सरकवला. मूळ जागा लिहून ठेवली नाही, फोटोही काढला नाही. तो अँटिसिपेटर. बारीक तारेचा छोटा हिटर असतो. तो पट्टीला आतल्या आत थोडी ऊब देतो, म्हणजे खोली ठरलेल्या अंशाच्या वर जायच्या आधीच फर्नेस बंद होते. काट्याचा आकडा त्या वायरीतल्या करंटएवढा ठेवायचा असतो. मी तो ०.३ वर नेला, करंट ०.९. तार जास्त तापली आणि फर्नेस दर तीन-चार मिनिटांनी बंद-चालू होऊ लागली. दोन पहाटा यात गेल्या, कारण मी दोष ठिपक्यांतच शोधत होतो.

१० डिसेंबर

वायरी भिंतीतून थोड्या लांब ओढाव्यात म्हणून काम करत होतो. बॅटरीचा मेन स्विच बंद केला नव्हता. पकडीतून सुटलेली वायर खिडकीच्या पत्र्याला टेकली, बारीक ठिणगी, जळका वास. फ्यूज गेला. तो दहा रुपयांचा, पण टेकलेली वायर फर्नेसच्या बाजूची होती आणि थर्मोस्टॅट जोडलेल्या स्थितीत, म्हणजे सगळा करंट अँटिसिपेटरच्या तारेतून गेला. केसासारखी तार, ती फ्यूजच्या आधी वितळली असावी. झाकण काढलं तर दोन तुकडे. जुनी डबी संपली.

पुणे नाक्याकडे गाड्यांचं वायरिंग करणारे एक अण्णा आहेत, आमच्या ट्रॅक्टरपासूनची ओळख. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "ओ मालक, बारा व्होल्ट म्हनून हलकं धरू नका. आधी मेन काढा, मग मोजा, मग हात लावा की." हे वाक्य मी कप्प्याच्या दाराला आतून लिहून चिकटवलंय.

१७ डिसेंबर

चूक तिसरी, आणि सगळ्यांत जास्त वेळ खाणारी. १०ला रात्रीच ऑनलाइन डिजिटल रूम थर्मोस्टॅट मागवला, १,१५० रुपये. १६ला आला. बॅटरीचा कप्पा नाही, मागे एल आणि एन. म्हणजे २३० व्होल्टचा. आमच्या गाडीत इन्व्हर्टर आहे, पण फर्नेसच्या एका स्विचसाठी रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवणं म्हणजे बॅटरी रिकामी करणं. परत पाठवला, पैसे मिळाले, पण कुरिअरचे १४० गेले.

मागवण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. डबी स्वतः कशावर चालते : सेलवर किंवा १२ व्होल्ट डीसीवर चालणारी हवी. परदेशी घरांतले बरेच थर्मोस्टॅट २४ व्होल्ट एसीवर चालतात, ते इथे उपयोगाचे नाहीत. दुसरं, तिच्यातला रिले (विजेवर चालणारा आतला खटका) कोरा हवा, म्हणजे डबी स्वतःहून व्होल्ट बाहेर सोडत नाही, फक्त दोन वायरी जोडते आणि सोडते. तिसरं, ती गरम करण्यासाठी चालते का. काही डब्या फक्त एअर कंडिशनरसाठी असतात.

दोन पेन्सिल सेलवर चालणारा, कोऱ्या रिलेचा मागवला. २,४५०.

२१ डिसेंबर

आला. मागे तीन स्क्रू : कॉम (सामाईक), एन-ओ (एरवी सुटलेला), एन-सी (एरवी जोडलेला). फ्यूजकडची वायर कॉमला, फर्नेसची एन-ओला. एन-सी मोकळा. कुठली वायर कुठली हे मेन चालू करून, दोन्ही टोकं लांब ठेवून मीटरने बघितलं : बॉडी अर्थला धरून जिच्यावर १२.६ आले ती फ्यूजची. मग मेन बंद. जुनी टोकं कापून नवी थिंबलं (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोकं) दाबली, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवली. फ्यूजकडच्या वायरीला लाल टेप, फर्नेसच्या वायरीला पांढरी. पुढच्या माणसाला अंदाज लावायला लागू नये.

एक जास्तीची वस्तू घातली : वायरीत छोटा रॉकर स्विच, ४० रुपये. जुन्या डबीला बंद करायचा खटका होता, तो खरोखर वायर तोडायचा. नवीन डबीचं बंद म्हणजे पडद्यावरचं बटण. रिले आत चिकटून बसला तर ते बटण काही करू शकत नाही. झोपलेल्या माणसांच्या गाडीत गॅसचा जाळ हाताने तोडता आलाच पाहिजे.

२२ डिसेंबर

डबी जुन्याच जागी लावली होती, दाराशेजारी. पहाटे पाचला आत थर्मामीटर १७ दाखवतोय आणि डबी १४. तीन अंश कमी! आधी डबीच खराब म्हणून चिडलो. मग हात लावून बघितला तर तिच्या मागच्या भोकातून गार हवेची बारीक धार येत होती. वायरीसाठी पाडलेलं भोक पोकळ भिंतीत जातं आणि भिंत खालून उघडी. म्हणजे डबी गाडीचं नाही, बाहेरचं तापमान मोजत होती. कल्पाला काय होत असेल याचा अंदाज आला.

भोक फोमने बुजवलं, फरक एक अंशावर आला. तरीही जागा बदलली. आता ती मधल्या लाकडी पार्टिशनवर आहे, जमिनीपासून साडेचार फूट. गरम हवेचं तोंड, शेगडी, खिडकीचं ऊन, बाहेरची भिंत, चारही गोष्टींपासून लांब. आई झोपते त्या बेडवरून हात पुरतो. त्यासाठी सात फूट नवीन वायर ओढली, जुन्या वायरीएवढ्याच जाडीची. जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. सगळी दुपार गेली.

२४ डिसेंबर

सगळं लावून झालं आणि फर्नेस पेटेना. पंखा फिरतो, टिकटिकच येत नाही. ३ तारखेला धडधडीत पेटलेली.

पंख्याचा आवाज नीट ऐकला तर तो जड वाटत होता. फर्नेसच्या आत एक पातळ पट्टी असते, पंख्याच्या वाऱ्याने ती ढकलली गेली की मगच कार्ड ठिणगी आणि गॅस सोडतं. वारा कमी तर जाळ नाही. पंखा चालू ठेवून मोजलं : बॅटरीवर १२.४, फर्नेसच्या टोकांवर १०.४. दोन व्होल्ट वाटेत गेले.

कुठे गेले ते शोधायची रीत अण्णांनी सांगितली, ती लिहितो. पंखा चालू असतानाच मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी फर्नेसच्या पत्र्यावर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले १.६. म्हणजे दोष अर्थच्या बाजूला. चॅसीला लावलेला अर्थचा बोल्ट काढला तर थिंबलखाली गंजाची पोळी. ३ तारखेला धरून होतं, मधल्या दिवसांत मी तिथली वायर हलवली असणार. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन थिंबल, दात्यांचा वॉशर, वरून ग्रीस. आता फर्नेसवर १२.०. खर्च वीस रुपये.

पंखा मोकळा फिरू लागला, टिकटिक आली, जाळ नाही. तीन प्रयत्न करून कार्ड थांबलं.

२६ डिसेंबर

गॅसच्या बाजूला मी हात लावत नाही. गॅस फिटर काका आले. आधी त्यांनी शेगडी पेटवून नळीतली हवा घालवली. सिलिंडर बरेच दिवस बंद होता. तरी फर्नेस धरेना. मग बाहेरच्या बाजूला गुडघ्यावर बसून धूर बाहेर जायच्या तोंडात बॅटरी मारली आणि मला बोलावलं.

आत कुंभारीण माशीचं घर. बोटाएवढी मातीची नळी, तिच्याशेजारी दुसरी, वळणावर घट्ट लिंपलेली. मातीवर तिने तोंडाने ओढलेल्या रेघासुद्धा दिसत होत्या, घराच्या कोपऱ्यात असतात तशाच. एक नळी फोडली तर आत वाळलेल्या कोळ्यांचा चुरा. निम्मं तोंड बुजलं होतं. एका नळीची माती अजून कच्च्या रंगाची होती, नवीच असावी.

हे लक्षात आलं नसतं तर? ज्या वाटेने जळका वायू बाहेर जायचा तीच बुजत चाललेली, आणि आत आई-बाबा झोपलेले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याच दिवशी सेलवर चालणारा त्याचा अलार्म मागवला, १,९००. या सगळ्या कामात मी हा खर्च सगळ्यांत आधी करायला हवा होता.

काकांनी माती हळूहळू तोडून काढली, ब्रशने तोंड साफ केलं, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. एका नटवर बारीक फुगा आला, तो आवळला. ५०० रुपये घेतले. तोंडावर बसवायला मी जाळी कापत होतो, तर त्यांनी अडवलं : बारीक जाळी काजळीने बुजते आणि जाळ गुदमरतो. त्याऐवजी गाडी उभी असताना तोंडावर लाल कापडी टोपी, आणि टोपीला बांधलेली दोरी थेट त्या रॉकर स्विचपर्यंत. टोपी काढल्याशिवाय स्विचला हात जात नाही.

२७ डिसेंबर

पहाटे ४:५०. आत १७.५. डबी २१ला लावली. पंखा, सतरा सेकंद, जाळ. २१.५ला बंद, पंखा आणखी दीड मिनिट. परत सुरू २०.३ला. जुन्याचा सात ते नऊ अंशांचा झोल होता, हा जेमतेम सव्वाचा. डबीत हा फरक अर्ध्या अंशावरही लावता येतो, पण मग फर्नेस सारखी चालू-बंद होते आणि दर खेपेला पंखा बॅटरी खातो. एकावर ठेवला.

२ जानेवारी २०२५

अक्कलकोट रोडने गाडी फिरवून आणली. खड्ड्यात आपटल्यावर डबीचा पडदा कोरा. सेलची स्प्रिंग सैल आहे, दणक्याने सेल सुटतात. घरात भिंतीवर राहायची वस्तू, तिला रस्ता माहीत नाही. सेल आणि झाकण यांच्यामध्ये स्पंजची पट्टी दाबून बसवली. परत त्याच रस्त्याने नेली, पडदा शाबूत. थंडीत साधे सेल लवकर मान टाकतात, म्हणून लिथियमचे घातले आणि तेवढेच सोबत ठेवले.

१३ जानेवारी

भोगी. आज सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता. काम बंद.

१८ जानेवारी, शनिवार, महाबळेश्वर

सोलापुरात खरी परीक्षा होत नाही, म्हणून आई-बाबांना घेऊन इथे आलो. रात्री दहाला बाहेर ११ अंश, पहाटे पाचला वेण्णा तलावाच्या बाजूला ७. डबी १९ला. मी दर तासाला उठून लिहिलं : १८.९, १९.४, १८.५, १९.१, १८.६. अलार्म शांत. बॅटरी रात्री १२.६, सकाळी १२.२.

कल्पासाठी एक काळजी उरलीच आहे. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२पर्यंत होत राहतं. आपल्या सिलिंडरमध्ये दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून कडक थंडीत दाब पडतो आणि डबी कितीही चांगली असली तरी जाळ बारीक होतो. तिथे भरलेला सिलिंडर घेऊन पोचायचं, रिकामा होत आलेला नाही, असं ठरवलंय.

आईची सकाळी एकच तक्रार : पायाशी गार लागतं. मागच्या बेडखालची गरम हवेची नळी दबलेली दिसते. पुढच्या रविवारी फळी काढून बघतो.